साम्राज्यभरच्या किडींचा ब्यूरो: उभारणी, कारभार आणि आपल्या पदरात काय पडलं

प्रश्न असा आहे: ब्रिटिश साम्राज्यातल्या सगळ्या मुलखांमधल्या किडींचा अभ्यास करणारी एकच संस्था लंडनमध्ये होती असं वाचलं. ती उभी कशी केली, इतक्या लांबून कारभार कसा चालायचा, आणि भारताला त्यातून काय मिळालं? मी बरीच वर्षं किडी ओळखण्याचं आणि नमुन्यांचा संग्रह सांभाळण्याचं काम केलं आहे. या संस्थेनं घालून दिलेल्या पद्धतींवरच आमच्या पिढीचं काम उभं राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

संस्थेचं नाव इम्पिरियल ब्यूरो ऑफ एन्टमॉलॉजी. १९१३ साली तिला हे नाव मिळालं, पण तिची मुळं १९०९ मध्ये आहेत. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. लंडनमध्ये बसून कुणी नायजेरियातल्या कोकोच्या किंवा सिलोनमधल्या चहाच्या किडीचा शेतात अभ्यास करत नव्हतं. ते शक्यच नव्हतं, आणि ब्यूरोनं तसा आवही कधी आणला नाही. त्याची कामं तीन. आलेल्या किडीला खात्रीचं नाव देणं, जगभर छापलं जाणारं सगळं वाचून त्याचा गोषवारा काढणं, आणि पत्राला उत्तर देणं. शेतातलं संशोधन ज्या त्या मुलखातल्या कीटकशास्त्रज्ञानं करायचं. माझ्या मते ब्यूरोच्या यशाचं कारण या मर्यादेतच आहे.

सुरुवात पिकांपासून झाली नाही, माणसं मरत होती तिथून झाली. १९०० नंतर युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी निद्रारोगाची साथ पसरली. काही वर्षांत दोन लाखांवर लोक गेले असा अंदाज आहे. १९०३ मध्ये डेव्हिड ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग त्सेत्से माशीमुळे पसरतो हे दाखवलं. पुढचा प्रश्न मग आपोआप आला. त्सेत्सेच्या जाती अनेक. कोणती जात कुठं आहे, कोणती पाण्याकाठच्या सावलीत राहते आणि कोणती कोरड्या झुडपांत, हे कळल्याशिवाय वस्ती हलवायची की झाडी तोडायची ते ठरवता येईना. आणि आफ्रिकेत नोकरीला असलेल्या डॉक्टरांपैकी या माश्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखू शकणारे फार थोडे होते.

१९०८ मध्ये लंडनला स्लीपिंग सिकनेस ब्यूरो, म्हणजे निद्रारोगाचा ब्यूरो, निघाला. आर्थर बॅगशॉ त्याचे प्रमुख. या रोगावर कुठल्याही भाषेत काही छापून आलं की ते वाचायचं, त्याचा सार काढायचा आणि आफ्रिकेतल्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचा, एवढंच त्याचं काम. पुढच्या कीटक ब्यूरोची अर्धी रचना इथून उचलली आहे. १९०९ मध्ये वसाहत खात्यानं उष्णकटिबंधीय आफ्रिकेसाठी एक कीटक संशोधन समिती नेमली आणि इजिप्तमध्ये वर्षानुवर्षं कारभार केलेल्या लॉर्ड क्रोमरना तिचं अध्यक्ष केलं. समितीत ऑक्सफर्डचे पोल्टन, केंब्रिजचे नटॉल आणि शिपली, लिव्हरपूलचे न्यूस्टेड, ब्रिटिश म्युझियमचे त्सेत्से-तज्ज्ञ ऑस्टिन अशी माणसं होती. क्रोमर कीटकशास्त्रज्ञ नव्हते. पण खजिन्यातून पैसा कसा सुटतो आणि मंत्रालयातली फाइल कशी पुढे सरकते हे त्यांना ठाऊक होतं. वैज्ञानिक संस्थेच्या पहिल्या काही वर्षांत असा एक माणूस लागतोच. चांगल्या कल्पना असूनही असा माणूस न मिळाल्यामुळे विरून गेलेले उपक्रम मी पाहिले आहेत.

सचिव म्हणून आले गाय मार्शल, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं ही संस्था म्हणजे मार्शल असंच समीकरण राहिलं. त्यांचा जन्म १८७१ चा, अमृतसरचा. वडील पंजाबात न्यायाधीश आणि पक्ष्यांचे मोठे जाणकार, काका भारतीय फुलपाखरांवरच्या ग्रंथाचे सहलेखक. स्वतः मार्शल आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश भारतातल्या सनदी सेवेची, परीक्षा पास होऊ शकले नाहीत, म्हणून त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या वसाहतीत शेतीवर धाडलं. तिथून ते ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) गेले, खाणींच्या धंद्यात पडले, आणि फावल्या वेळात कीटक गोळा करत राहिले. फुलपाखरं एकमेकांचं रूप का घेतात, यावर त्यांनी आफ्रिकेत केलेली निरीक्षणं पोल्टन यांच्या मदतीनं १९०२ मध्ये छापली गेली आणि त्यांचं नाव झालं. त्यांचा खरा विषय मात्र सोंडे भुंगे. आयुष्यभरात त्यांनी या कुळातल्या दोन हजारांहून जास्त नव्या जातींची वर्णनं लिहिली. भारतातल्या सोंडे भुंग्यांवरचा त्यांचा खंड १९१६ मध्ये आला. आपल्याकडे कापूस, तूर, भुईमुगाची पानं कडेनं कुरतडणारे जे करडे भुंगे दिसतात त्या मायलोसेरस प्रजातीतल्या काही जातींच्या नावापुढे आजही 'मार्शल' लागतं.

कारभाराच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. संस्थेचा प्रमुख स्वतः खेडोपाडी कीटक गोळा केलेला होता. झांबेझीकाठच्या तंबूत बसून भुंगा टाचणीला लावताना काय अडचणी येतात, बुरशी किती लवकर धरते, मुंग्या रातोरात पेटी कशी साफ करतात, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

समितीनं सुरुवातीला दोन फिरते कीटकशास्त्रज्ञ नेमले. शेफील्ड नीव्ह पूर्व आफ्रिकेत आणि जे. जे. सिम्प्सन पश्चिम आफ्रिकेत. दोघांनीही भरपूर पायपीट केली, उत्तम नमुने जमवले. पण खंड केवढा आणि माणसं दोन! सगळीकडे आपली माणसं फिरवण्यापेक्षा जी माणसं आधीच तिथं नोकरीला आहेत त्यांना कामाला लावावं, हे लवकरच स्पष्ट झालं. जिल्ह्याचे अधिकारी, सरकारी डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर आणि नव्यानं निघालेल्या शेती खात्यातले तरुण नमुने पाठवू लागले. १९१० मध्ये समितीनं स्वतःचं त्रैमासिक सुरू केलं, बुलेटिन ऑफ एन्टमॉलॉजिकल रिसर्च. ते आजही निघतं. त्याच्या जुन्या अंकांत शेवटी 'आलेले संग्रह' अशी एक यादी असे. कुणी, कुठून, किती माश्या, किती भुंगे, किती ढेकूण पाठवले ते नावासह छापलेलं. मी ही पानं लक्षपूर्वक वाचली आहेत. आडबाजूच्या ठाण्यावर एकट्यानं राहणाऱ्या माणसाला आपलं नाव लंडनच्या नियतकालिकात दिसतं, आणि तो पुढच्या मोसमात पुन्हा पेटी भरतो. पगार न देता शेकडो माणसांकडून वर्षानुवर्षं काम करून घेण्याची ती व्यवस्था होती, आणि तिच्यात प्रामाणिकपणा होता, कारण श्रेय खरोखर दिलं जात होतं.

माणसं तयार करण्याचा प्रश्नही होताच. ब्रिटनमध्ये तेव्हा उपयोजित कीटकशास्त्र शिकवणारी ठिकाणं मोजकी होती. अमेरिकेत एल. ओ. हॉवर्ड यांच्या हाताखाली वॉशिंग्टनचं कीटक खातं मात्र भलतंच पुढे गेलं होतं. अँड्र्यू कार्नेगींनी पैसे दिले आणि तरुण ब्रिटिश पदवीधर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला जाऊ लागले. तिथं त्यांनी कीड नियंत्रण हे स्वतंत्र सरकारी काम म्हणून चालताना पाहिलं, आणि त्यातले बरेच पुढे वसाहतींत नोकरीला लागले. मार्शल यांच्याशी पत्रव्यवहार करणारी जी पिढी तयार झाली ती अशी.

१९१३ मध्ये कार्यक्षेत्र आफ्रिकेपुरतं न राहता सगळं साम्राज्य झालं, समितीचा ब्यूरो झाला आणि मार्शल संचालक. पैशाची व्यवस्था वर्गणीची होती. स्वशासित देश आणि वसाहती आपापल्या ऐपतीप्रमाणे वार्षिक रक्कम देत, आणि त्या बदल्यात त्यांच्या कीटकशास्त्रज्ञांना ओळख फुकट करून मिळे. कुणावरही हुकूम चालवायचा अधिकार ब्यूरोला नव्हता. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियासारखे देश लंडनची आज्ञा ऐकून घेणारे नव्हतेच. दरवर्षी वर्गणी येत राहायला हवी असेल तर दरवर्षी उपयोगी पडायला हवं, एवढा साधा धाक होता. एकरकमी मोठं अनुदान मिळालं असतं तर ब्यूरो इतका तत्पर राहिला असता का, याबद्दल मला शंका आहे.

सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय जागेचा. कार्यालय साउथ केन्सिंग्टनमध्ये क्वीन्स गेट रस्त्यावर, आणि किडी ओळखण्याचं काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात. ब्यूरोनं स्वतःचा वेगळा संग्रह उभारायचा हट्ट धरला नाही. म्युझियमनं बसायला जागा, तुलनेसाठी शेकडो वर्षांचा संग्रह आणि ग्रंथालय दिलं. ब्यूरोनं साम्राज्यभरातून येणारे नमुने म्युझियमला दिले. दोघांचंही भलं झालं. नवीन संस्था काढताना आधी इमारतीचा नकाशा काढणाऱ्यांनी हा करार जरूर अभ्यासावा.

आता एका पेटीचा प्रवास पाहू, म्हणजे रोजचा कारभार लक्षात येईल. समजा टांगानिकातल्या एका शेती अधिकाऱ्याला कॉफीच्या फळात बारीक भुंगा सापडला. तो टाचणीला लावून, वाळवून, तळाला बूच लावलेल्या पेटीत बसवायचा, नॅप्थलीन घालायचं. मऊ अंगाच्या अळ्या आणि मावा दारूत, म्हणजे स्पिरिटमध्ये. खवले कीड मात्र फांदीसकट, कारण ती सोलून काढली की ओळखीच्या खुणा जातात. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, कोणत्या झाडावर मिळाली ते आणि गोळा करणाऱ्याचं नाव. मग बोट, काही आठवड्यांचा प्रवास. लंडनला पेटी उघडली की नोंदवहीत क्रमांक, मग नमुने गटवार वेगळे. भुंगे एका टेबलावर, माश्या दुसऱ्या, गांधीलमाशीच्या कुळातले बारीक परोपजीवी (दुसऱ्या किडींवर जगणारे कीटक) तिसऱ्या. जो गट घरात कुणाला येत नाही तो बाहेरच्या जाणकाराकडे, आणि हे जाणकार बहुधा विनामोबदला काम करणारे. सगळीकडून नावं गोळा झाली की एकच उत्तर टाइप होऊन जायचं: तुमचा क्रमांक अमुक, जात अमुक, यापूर्वी अमुक देशातून नोंद, अमुक अंकात माहिती.

या पत्रातली शेवटची ओळ लाखमोलाची असे. नाव ही किडीच्या माहितीच्या कपाटाची किल्ली आहे. नाव चुकलं तर तुम्ही दुसऱ्याच किडीचं जीवनचक्र वाचत बसता, आणि दुसऱ्याच किडीचे शत्रू शोधत फिरता. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण पाहा. २००८ मध्ये कोइंबतूरकडे पपईवर एक पिठ्या ढेकूण दिसला आणि दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोचला. झाडं पांढरीफटक, फवारण्या वाया. ती मध्य अमेरिकेतली पॅराकॉकस मार्जिनेटस आहे हे पक्कं झाल्यावरच तिच्या मूळ मुलखातले शत्रू कोणते ते पुस्तकात सापडलं. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि थोड्याच काळात प्रश्न आटोक्यात आला. नाव लागलं नसतं तर अजून फवारत बसलो असतो. मार्शल यांच्या ब्यूरोत हे काम रोज चालायचं.

दुसरं काम गोषवाऱ्यांचं. जानेवारी १९१३ पासून रिव्ह्यू ऑफ ॲप्लाइड एन्टमॉलॉजी हे मासिक सुरू झालं. त्याच्या दोन मालिका होत्या, अ मालिका शेतीच्या किडींची आणि ब मालिका माणसं व जनावरांना त्रास देणाऱ्या कीटकांची. जर्मन, फ्रेंच, रशियन, इटालियन, स्पॅनिश, जपानी, कुठल्याही भाषेतला लेख आणि कुठल्याही प्रांताच्या शेती खात्याचा अहवाल वाचून त्याचा नेमका सार इंग्रजीत. मत नाही, स्तुती नाही, टीका नाही. कीड कोणती, पीक कोणतं, जागा, ऋतू, नुकसान, उपाय, त्याचं प्रमाण आणि परिणाम. वर्षाअखेरीस सूची.

ही सूची किती मोलाची होती हे इंटरनेटनंतरच्या पिढीला सांगून पटत नाही. आमच्या वेळी नवीन किडीवर काम सुरू करायचं म्हणजे ग्रंथालयातले या मासिकाचे जाडजूड बांधीव खंड काढून एकेका वर्षाची सूची पाहत जायचं. मूळ लेख हाती लागणं अवघड, बऱ्याचदा अशक्य. पण गोषवारा इतका भरीव असे की त्यावर काम पुढे नेता येई. लहान गावातल्या कृषी महाविद्यालयातला शिक्षक आणि केंब्रिजचा प्राध्यापक, दोघांसमोर तेच पान. ज्ञानाच्या बाबतीत वसाहतीतल्या माणसाला बरोबरीची जागा देणारी अशी दुसरी गोष्ट साम्राज्यात मला तरी आठवत नाही. गोषवारा लिहिणं हे दुय्यम काम समजलं जातं. मला ते मान्य नाही. शंभर पानांतून योग्य दहा ओळी निवडायला विषय मुळापासून यावा लागतो.

संस्थेच्या वाढीबद्दल थोडक्यात. १९२० मध्ये लंडनला साम्राज्यातल्या कीटकशास्त्रज्ञांची परिषद झाली, त्याच वर्षी क्यू इथं याच नमुन्यावर बुरशीरोगांचा ब्यूरो निघाला. १९२९ मध्ये माती, पशुपोषण, वनस्पती आनुवंशशास्त्र वगैरे विषयांचे आठ ब्यूरो एकदम निघाले. म्हणजे कीटकांचं घडलेलं तंत्र शेतीच्या सगळ्या शाखांना लागू झालं. १९३० मध्ये कीटक ब्यूरोचं नाव इन्स्टिट्यूट झालं, साम्राज्य सरल्यावर 'इम्पिरियल' जाऊन 'कॉमनवेल्थ' आलं, आणि आज हे सगळं कॅबी या आंतरराष्ट्रीय संस्थेत सामावलं आहे.

टोळांची गोष्ट मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. १९२० मध्ये मार्शल यांनी जॉर्जियातल्या तिफ्लिसमध्ये (आजच्या तिबिलिसीत) काम करणाऱ्या बोरिस उवारोव्ह या रशियन कीटकशास्त्रज्ञाला लंडनला बोलावून घेतलं. नेमणूक नाकतोडे आणि टोळ ओळखण्यासाठी. दुसऱ्याच वर्षी, १९२१ मध्ये, बुलेटिनमध्ये त्यांचा लेख आला. लेख दिसायला एका प्रजातीच्या वर्गीकरणाचा, पण त्यात टोळधाडीचं कोडं सोडवलेलं होतं. ज्या दोन जाती वेगळ्या समजल्या जात होत्या त्या एकाच टोळाच्या दोन अवस्था आहेत. विरळ असताना एकटा राहणारा, गवताच्या रंगाचा नाकतोडा. दाटी झाली की रंग, बांधा, वागणूक सगळं बदलतं आणि थवा होतो. धाडी संपल्यावर टोळ कुठं जातात याचं उत्तर असं की ते कुठंच जात नाहीत, वेगळ्या रूपात तिथंच असतात.

यातून कारभाराचा एक मार्ग निघाला. टोळ दाटी करतात अशा जागा जर ठरावीक असतील, तर धाड निघण्याआधी तिथंच पहारा ठेवता येईल. १९२९ पासून ब्यूरोत टोळांचं वेगळं काम सुरू झालं. आफ्रिका, अरबस्तान, भारत इथून येणारे धाडींचे अहवाल एकाच पद्धतीनं नकाशावर मांडायचे: कोणत्या महिन्यात कोणत्या चौकोनात, अंडी, पिल्लं की उडणारे थवे. झेना वॉलॉफ यांनी या कामात आयुष्य घातलं. नकाशे भरत गेले तशी उगमस्थानं दिसू लागली. लाल टोळाची रुक्वा सरोवराकाठी आणि म्वेरू वा न्टिपाच्या दलदलीत, स्थलांतरी टोळाची नायजर नदीच्या मधल्या पूरमैदानात. यातली नायजरची जागा फ्रेंचांच्या ताब्यात. म्हणजे एका साम्राज्याचा ब्यूरो या कामाला अपुरा पडला. १९३१ मध्ये रोम, मग पॅरिस, लंडन, कैरो, ब्रसेल्स अशा आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. १९४५ मध्ये उवारोव्ह यांचं स्वतंत्र टोळ संशोधन केंद्र झालं.

याच काळात आपल्याकडे वाय. रामचंद्र राव वाळवंटी टोळांमागे बलुचिस्तान आणि राजपुतान्यात फिरत होते. हिवाळी-वसंती पावसावर पश्चिमेकडे आणि मोसमी पावसावर राजस्थानकडे, अशी या टोळाची दुहेरी वीण असते, हे त्यांच्या कामातून पक्कं झालं. त्यातून १९३९ मध्ये टोळ-इशारा संघटना उभी राहिली. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे थवे उतरले तेव्हा याच संघटनेची माणसं रात्रीच्या फवारणीला आली होती. रामचंद्र राव यांचं काम लंडनच्या कामाच्या बरोबरीचं आहे, पण त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपुरतं येतं. याची मला खंत वाटते.

१९२७ मध्ये एम्पायर मार्केटिंग बोर्डाच्या पैशातून फार्नहॅम रॉयल इथं मित्रकीटकांची प्रयोगशाळा सुरू झाली. एका देशातून परोपजीवी गोळा करून, त्यांच्याबरोबर नको ते कीटक जात नाहीत ना हे तपासून, दुसऱ्या देशात पाठवायचे. डब्ल्यू. आर. थॉम्पसन यांनी ती चालवली आणि युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ते काम कॅनडात नेलं. त्याआधी, १९३० मध्ये, ब्यूरोनं फिजीतल्या नारळाच्या जांभळ्या पतंगाच्या बंदोबस्ताचा इतिहास छापला. १९२५ मध्ये मलायातून आणलेल्या एका परोपजीवी माशीनं तो पतंग अल्पावधीत दिसेनासा केला होता. नारळ वाचले. पण तो पतंग पुढे जवळपास नामशेष झाला असं मानलं जातं, आणि ती माशी इतर निरुपद्रवी पतंगांवरही पडली. आज अशा आयातीआधी ती माशी आणखी कोणाकोणावर जगते याची कसून तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी.

आता भारताचा हिशेब. भारत या ब्यूरोच्या पंखाखाली वाढला असं म्हणणं बरोबर नाही. बिहारमधल्या पुसा इथं १९०५ मध्ये, हेन्री फिप्स या अमेरिकन दात्याच्या देणगीतून, शेती संशोधन संस्था निघाली होती आणि हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय तिथले इम्पिरियल एन्टमॉलॉजिस्ट होते. म्हणजे लंडनच्या समितीच्या आधी. लेफ्रॉय यांचं अगदी सुरुवातीचं मोठं काम आपल्याच भागातलं आहे. १९०३-०४ मध्ये मुंबई इलाख्यात टोळांनी धुमाकूळ घातला, तेव्हा त्यांनी 'बॉम्बे लोकस्ट'चा माग काढला. हा वाळवंटी टोळ नव्हे. याची वर्षाला एकच पिढी, पावसाळ्याच्या तोंडावर अंडी, आणि थंडीत थवे पश्चिम घाटाच्या जंगलात मुक्कामाला. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना हे टोळ परिचयाचे होते. लेफ्रॉय यांनी ते शास्त्राच्या दप्तरात आणलं.

त्यांच्यानंतर आलेल्या बेनब्रिग फ्लेचर यांनी १९१५ पासून पुसाला कीटकशास्त्रज्ञांच्या बैठका भरवल्या. प्रांताप्रांतातली माणसं तिथं जमत आणि पिकवार, किडीवार, कोणी काय पाहिलं ते एकत्र मांडत. त्या बैठकांचे इतिवृत्तांत आजही वाचनीय आहेत, कारण त्यांत खरे वाद आहेत. वर्गीकरणाच्या कामात मात्र लंडनवरचं अवलंबित्व होतंच. नवीन जातीचं वर्णन ज्या नमुन्यावरून होतं तो 'टाइप' नमुना हा कायमचा पुरावा असतो, आणि भारतातून गेलेल्या हजारो किडींचे टाइप साउथ केन्सिंग्टनमध्ये राहिले. इथल्या संशोधकाला शंका आली की तिकडं पत्र लिहायचं किंवा जहाज पकडायचं. नमुना पाठवणारा भारतीय मदतनीस, वर्णन करणारा लंडनचा तज्ज्ञ, ही वाटणी दीर्घकाळ टिकली. ब्यूरोनं आपल्याला नावं दिली, पण नाव देणारी माणसं घडवायची निकड त्यामुळे आपल्याकडे उशिरा जाणवली. माझ्या लेखी ब्यूरोची सगळ्यांत मोठी उणीव हीच.

ती उणीव हळूहळू भरत गेली. १९३४ च्या भूकंपात पुसाची इमारत कोसळली आणि संस्था १९३६ मध्ये दिल्लीला आली. तिच्यासोबत आलेला संग्रह आज नॅशनल पुसा कलेक्शन म्हणून ओळखला जातो. १९५७ मध्ये कॉमनवेल्थच्या जैविक नियंत्रण संस्थेनं बंगळूरला केंद्र काढलं, ते व्ही. पी. राव यांनी नावारूपाला आणलं. देशातलं मित्रकीटकांचं काम याच शहरात वाढलं, आणि २००९ मध्ये तिथं भारताचा स्वतःचा कृषी-कीटकांचा राष्ट्रीय ब्यूरो सुरू झाला. पपईच्या पिठ्या ढेकणाचा परोपजीवी आणण्याचं काम त्यानंच केलं.

प्रश्नकर्त्याला व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवतो. मार्शल यांच्या काळासारखी पेटी भरून परदेशी पाठवणं आता चालत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर त्यासाठी रीतसर परवानगीची प्रक्रिया आहे. अनोळखी कीड सापडली तर आधी दिल्ली किंवा बंगळूरच्या संग्रहाकडे विचारणा करा. फोटो जरूर पाठवा, पण नमुना जपून ठेवा, कारण पुष्कळ गटांत जननांगांची रचना पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचं नाव पेन्सिलीनं किंवा न पुसणाऱ्या शाईनं लिहा. बॉलपेनची शाई दारूत विरघळते.